अभिनंदनाचा ठराव

"घ्या, आणखी एक आले," ओसवालशेठ पुटपुटले.

दारात पेन्शनर मोरे गुरुजी चपला काढत होते. त्यांच्या काखेत प्लॅस्टिकची पिशवी होती आणि आत काय आहे हे मला न बघताही ठाऊक होतं. त्या महिन्यात आमच्या गावात जो तो तसलीच पिशवी काखेत मारून फिरत होता.

"रेडेकरचेच ना, गुरुजी?" मी विचारलं.

"हो बाबा. काढून टाक. मिळेल ते दे."

"पण गुरुजी, आत्ता भाव फार पडलाय."

"उद्या आणखी पडेल. पेपर वाचतोस ना तू?"

पेपर सगळेच वाचत होते, तीच तर पंचाईत होती. मी नुकताच बी.कॉम. होऊन ओसवालशेठच्या शेअरच्या दुकानात चिकटलो होतो. आमचं गाव कराडपासून तासाभरावर. गावात सांगण्यासारखी गोष्ट एकच, रेडेकर पाइप्स. पाणीयोजनांना लागणारे मोठाले पाइप तिथे होत. थोरल्या रेडेकरांनी शेअर काढले तेव्हा त्यांनी ते आधी गावाला दिले. मास्तर, कंपाउंडर, किराणावाले, विधवा बायका, सगळ्यांच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत ते कागद जाऊन बसले होते. शेअर बाजार म्हणजे काय हे कोणाला कळत नव्हतं, पण रेडेकर म्हणजे काय ते कळत होतं, आणि तेवढं पुरे होतं.

मग मुंबईत पाइपांचा घोटाळा निघाला. तेव्हा दोन पक्षांचं मिळून सरकार होतं. पाणीपुरवठामंत्री भीमराव दळवी एका पक्षाचे, अर्थमंत्री संपतराव जाचक दुसऱ्या पक्षाचे. दळवींनी कुठल्याशा मुंबईच्या ठेकेदाराकडून न आलेल्या पाइपांचे पैसे दिल्याचं बाहेर आलं. त्यात रेडेकरांचा काडीचा संबंध नव्हता. पण जाचकांनी जाहीर केलं की चौकशी होईपर्यंत पाइपाच्या एकाही फाइलवर मी सही करणार नाही. त्यावर दळवी म्हणाले, मग सरकार राहतं कसं ते बघतो. दोघांचे कार्यकर्ते चौकाचौकात एकमेकांचे पुतळे जाळू लागले. इकडे आमच्या कारखान्याच्या आवारात सरकारने मागवलेले पाइप गवतात पडून राहिले आणि शेअर रोज एकेक पायरी उतरत गेला.

मला मात्र एक प्रश्न छळत होता. गुरुजींची पाठ वळल्यावर मी तो शेठना विचारला.

"शेठ, सगळे विकतायत. मग घेतंय कोण?"

"तुला काय करायचंय? आपली दलाली सुटली की झालं."

"पण विकलं जातं म्हणजे कोणीतरी घेतंच ना."

"घेतो एक माणूस. संध्याकाळी येतो, पैसे देतो, जातो. नावं बायकांची लावतो." शेठनी पेन टोपणात घातलं. "बाकी मला माहीत नाही, आणि तूही माहीत करून घेऊ नकोस."

त्या माणसाला मी पाहिलं होतं. राखाडी सफारी, गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात सतत बडीशेप. बुडत्या कंपनीचे शेअर हा इतक्या आनंदाने का घेतोय, हे कोडं घेऊन मी संध्याकाळी कुमुदआत्याकडे गेलो.

कुमुदआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी आली आणि भावाच्या घरात पोळ्या लाटत बसण्याऐवजी तिने बाजारपेठेत एक खोली भाड्याने घेऊन वधूवर सूचक केंद्र काढलं. खोलीत दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या, एक मुलांच्या फोटोंची, एक मुलींच्या. पण खरी ट्रंक तिच्या डोक्यात होती. सातारा-सांगलीतलं कोणतंही आडनाव काढा, त्यांच्याकडची सून कुठली आणि लेक कुठे दिली हे ती कणीक मळता मळता सांगे. तिला दुसऱ्याच्या घरात डोकावायची दांडगी हौस होती, आणि ती हौस माझ्यात तिच्याकडूनच आली असं माझी आई नापसंतीने म्हणे.

मात्र एका बाबतीत ती पक्की होती. साखरपुडा होईपर्यंत ती तोंड उघडत नसे. "आधी वाच्यता झाली की ठरलेलं मोडतं," ती म्हणायची. "कोणी दृष्ट लावत नाही रे. पण चार लोकांनी विचारलं की घरच्यांनाच शंका यायला लागतात. मी बघितलंय." एकदा तर सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न तिने जुळवलं आणि माझ्या वडिलांनाही ते पत्रिका छापल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी ती खोलीच्या दारात बसून शेंगा सोलत होती.

"आत्या, तुझे रेडेकरचे शेअर काढायचे का?"

"काढले तर खोली येते का?"

"निम्मीसुद्धा नाही."

तिने शेंग फोडली आणि दाणे न खाता हातातच धरले. खोलीचा मालक पुण्याला निघाला होता. घ्यायची तर घे, नाहीतर दसऱ्याला रिकामी कर, असं त्याने सांगितलं होतं. आत्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे नवऱ्याने घेऊन ठेवलेले ते शेअर. वर्षापूर्वी त्यांत ही खोली येऊन वर रंगसफेदी झाली असती. खोली गेली तर तिला पुन्हा आमच्या माजघरात यावं लागणार होतं, आणि ते तिला मरणाहून नकोसं होतं. तसं तिने बोलूनही दाखवलं होतं, माझ्या आईसमोर.

मी तिला सफारीवाल्याचं सांगितलं. तिचे डोळे चमकले.

"बायकांच्या नावावर घेतोय? मग रविवारी दिसतील की त्या बायका."

"कुठे?"

"सभेला. माझ्याबरोबर यायचं तू."

रेडेकर पाइप्सची वार्षिक सभा म्हणजे गावचं लग्नच असे. थोरल्या रेडेकरांनी पाडलेली रीत होती ती. सभा मंगल कार्यालयात, दारात गुलाबपाणी आणि अत्तर, आधी शिरा-उपीट, मग हिशेब. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून येत. वर्षभरात जी बाई नव्याने भागधारक झाली असेल तिची खण-नारळाने ओटी भरत. मुंबईच्या कुठल्या कंपनीत असलं काही चालत नसेल, पण आमच्याकडे ठराव मंजूर होण्यापेक्षा शिरा कसा झालाय याची चर्चा जास्त. त्या वर्षी मात्र लोक शिरा खातानासुद्धा हळू आवाजात बोलत होते.

आम्ही दाराजवळच्या खुर्च्या धरल्या. थोड्या वेळाने दोन गाड्या आल्या, एकामागून एक नव्हे, मध्ये बरंच अंतर ठेवून. दोन्ही गाड्यांचं दार उघडायला एकच माणूस धावला. राखाडी सफारी, साखळी, बडीशेप.

"आत्या, तोच."

"दिसला. गप बस."

पहिल्या गाडीतून एक ठसठशीत बाई उतरली, अंगावर मुद्दाम नेसल्यासारखी साधी साडी. दुसऱ्या गाडीतून एक किरकोळ बाई आणि तिच्याबरोबर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. तिघी वेगवेगळ्या वाटेने आत आल्या आणि शेवटच्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. रेडेकरांच्या सूनबाईंनी दोघी बायकांच्या ओट्या भरल्या. नावं कोणी पुकारली नाहीत.

"ती जाड मसूरची," आत्या ओठ न हलवता म्हणाली. "मसूरच्या पाटलांची मधली. जाचकांकडे दिलेली."

"कोण जाचक?"

"किती जाचक आहेत रे? तुझे अर्थमंत्री. आणि ती दुसरी दळवीणबाई. पोरगी तिची. शर्मिला नाव. पुण्याला शिकते."

मी उपिटाची बशी खाली ठेवली. ज्यांचे नवरे मुंबईत एकमेकांना तुरुंगात घालायला निघाले होते त्या दोघी आमच्या गावात एका रांगेत बसून शिरा खात होत्या.

"इथे कशाला आल्यात?"

"घरी कसं जाणार? दोघांच्याही दाराशी पेपरवाले बसलेत. इथे कोण ओळखतंय." आत्याने मुलीकडे नजर वळवली. "बघ आता, पोरीला पाणी आणायला लावतील."

आणि खरंच, जाचकबाईंनी मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी उठली, सभागृहाच्या टोकाशी ठेवलेल्या पिंपापर्यंत गेली, तांब्याभांडं घेऊन परत आली. जाचकबाई तिची चाल बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून एक पुडी काढली आणि मुलीच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. जाचकांच्या मुलासाठी मुलगी पसंत. दाखवण्याचा कार्यक्रम भागधारकांच्या सभेत उरकून घेतला होता.

"म्हणजे सरकार पडत नाही," मी म्हणालो. मला एकदम सगळं उलगडलं. "व्याही झाल्यावर फाइली कोण अडवणार? सह्या होणार, पाइप जाणार, भाव चढणार. म्हणून आधीच स्वस्तात गोळा करतायत. बाहेर पुतळे जाळायचे आणि आत..."

"हळू बोल."

"आत्या, तुझी खोली वाचली. विकू नकोस. दसऱ्यापर्यंत थांबलीस की झालं."

आत्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती त्या मुलीकडे बघत होती. मुलीने साखर तोंडात घातली नव्हती. तिने मूठ मिटून घेतली होती आणि हात धुवायचं निमित्त करून ती मागच्या मोरीकडे निघाली. आत्याही उठली. मला वाटलं, सवयीने माहिती काढायला गेली असेल. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या पदराचं टोक ओलं होतं.

"काय म्हणाली?"

"काही नाही. नळ घट्ट होता, सोडून दिला."

तेवढ्यात व्यासपीठावर धाकटे रेडेकर उभे राहिले. भला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मागण्या अडकल्या आहेत, शासनाकडे पाठपुरावा चालू आहे, भागधारकांनी संयम ठेवावा, असं त्यांनी वाचून दाखवलं. मोरे गुरुजी उठून म्हणाले, "संयम संपला म्हणून विकले हो मी. निम्मे उरलेत, त्यांचं काय करू सांगा." कोणी हसलं नाही.

"आणखी कोणाला काही विचारायचंय?" रेडेकरांनी विचारलं.

आत्या उभी राहिली. ती उभी राहिली की काय होतं ते मी घरी पाहिलं होतं.

"विचारायचं नाही, साहेब. ठराव मांडायचाय."

"कसला ठराव, कुमुदताई?"

"अभिनंदनाचा. आपल्या कंपनीत यंदा दोन मोठ्या घरच्या भगिनी भागधारक म्हणून आल्यात. जाचक वहिनी आणि दळवी वहिनी. मागे बसल्यात." सगळ्या माना मागे वळल्या. "आत्ता आपल्या डोळ्यांदेखत जाचक वहिनींनी दळवींच्या शर्मिलाच्या हातावर साखर ठेवली. दोन्ही मंत्र्यांची सोयरीक आपल्या सभेत जुळली, याहून मानाची गोष्ट कंपनीला कोणती? तरी सभेने दोन्ही घरांचं अभिनंदन करावं असा मी ठराव मांडते."

दळवीणबाईंनी पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला. रेडेकरांच्या हातातलं भाषण खाली पडलं. मग कुठूनतरी एक टाळी वाजली, मग दुसरी, आणि मग लोकांना हळूहळू अर्थ लागत गेला तशा टाळ्या वाढत गेल्या.

"अनुमोदन," मोरे गुरुजी ओरडले.

"हात वर करा," आत्या म्हणाली. हे सांगायचं काम अध्यक्षांचं होतं, पण अध्यक्ष तेव्हा खुर्ची शोधत होते.

सगळे हात वर गेले. मागच्या रांगेतले जाड बांगड्यांचे दोन हात खाली राहिले. शर्मिलाचाही हात वर नव्हता, पण तिने मूठ उघडली होती आणि साखर फरशीवर सांडत होती. कोपऱ्यात शिऱ्याची तिसरी बशी संपवणारा जिल्हा दैनिकाचा वार्ताहर बशी तशीच टाकून एसटी स्टँडकडे पळाला.

बाहेर पडल्यावर मी आत्याला म्हणालो, "अगं, साखरपुड्याआधी तोंड उघडत नाहीस ना तू?"

"वय झालं. निघून गेलं तोंडातून," ती म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि दुपारपर्यंत मुंबईच्या पेपरांनी ती उचलली. सरकार टिकणार असं सगळ्यांनीच धरलं. रेडेकरचा शेअर असा उसळला की ओसवालशेठ दोन कानांना दोन फोन लावून बसले. मला वाटलं, आता गाव निवांत झालं. पण संध्याकाळी पाहतो तर दुकानासमोर रांग.

"कुमुदताईंचा निरोप आला," मोरे गुरुजी म्हणाले. "म्हणाल्या, दोन दिवसांत काढून टाका, वाट बघू नका."

"पण आता तर भाव चढणार, गुरुजी."

"मीही तेच म्हणालो. त्या म्हणाल्या, माझं ऐका."

लोकांनी ऐकलं. ज्या बाईवर लेकीबाळी सोपवल्या तिच्यावर कागद सोपवायला काय जातंय. दोन दिवसांत गावाने जवळजवळ सगळे शेअर काढले, आणि चांगल्या भावाने काढले. या खेपेला घेणारे मुंबईचे होते. त्यांची आमची कधी ओळख झाली नाही आणि खरं सांगायचं तर आम्ही ती करून घ्यायच्या भानगडीतही पडलो नाही.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती ते दोन्हीकडचे कार्यकर्ते आपापल्या साहेबांच्या दारात जाऊन विचारू लागले, आम्ही कशासाठी मार खाल्ला? साताऱ्यात एकाने स्वतःच्याच पक्षाचा झेंडा फाडला. जाचकांनी खुलासा केला की असली कुठलीही सोयरीक नाही, कधी नव्हती. दळवींनी तासाभरात तेच सांगितलं. एकदा जगासमोर नाही म्हटल्यावर ती होणं शक्यच नव्हतं. आठवडा संपायच्या आत जाचकांच्या पक्षाने पाठिंबा काढला आणि सरकार पडलं. रेडेकरचा शेअर तर फुकट दिला तरी कोणी घेईना.

धाकटे रेडेकर तणतणत आत्याच्या खोलीवर आले. मी तिथेच होतो.

"काय केलंत हे, कुमुदताई? महिनाभर गप्प राहिला असतात तर माझे पाइप हलले असते. चारशे माणसांची चूल आहे त्या कारखान्यावर."

"बसा, साहेब. चहा घ्या."

"चहा नको. उत्तर द्या."

"तुमचे पाइप चांगले आहेत ना?"

"चांगले म्हणजे? राज्यात असे कोणी करत नाही."

"मग ते एका पोरीच्या हातावरच्या साखरेवर कशाला जायला हवेत?"

रेडेकर खुर्ची ओढून बसले आणि चहा प्याले. पुढे राष्ट्रपती राजवट आली आणि कोणाचाच व्याही नसलेल्या एका सचिवाने त्या फाइली वाचून सह्या केल्या. कारखाना उभा राहिला. पण त्याला वर्ष लागलं आणि खोलीच्या मालकाला वर्षभर थांबायचं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी मी आत्याचं सामान हलवायला गेलो. मी समजून चाललो होतो की त्या दोन दिवसांच्या गर्दीत तिनेही शेठकडे शेअर काढले असतील आणि आता बाजूच्याच गल्लीत याहून बरी जागा घेतली असेल. तिने कपाटाचा कप्पा रिकामा केला तेव्हा खालच्या वर्तमानपत्रावर ते कागद तसेच होते. रेडेकर पाइप्स, तिच्या नवऱ्याने घेतलेले, एकही न विकलेला.

मी ते मोजून पाहिले.

"आत्या, तू विकले नाहीस?"

"नाही."

"अख्ख्या गावाला सांगितलंस आणि स्वतः विसरलीस?"

"विसरले नाही."

"अगं, त्या दोन दिवसांत ही खोली आली असती. ही खोली. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जायचंय का तुला?" माझा आवाज चढला. मला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं. "भाव पडणार हे तुला कसं कळलं? सगळ्यांना वाटत होतं चढणार. तुला एकटीलाच कसं..."

आणि बोलता बोलता मी थांबलो. आधी वाच्यता झाली की ठरलेलं मोडतं, हे मला लहानपणापासून कोण सांगत आलं होतं?

"मोरीवर काय म्हणाली ती?" मी विचारलं.

आत्याने मुलींची ट्रंक बंद केली. कडी लागत नव्हती, तिने गुडघा टेकवून ती लावली.

"म्हणाली, तुम्ही लग्नं जुळवता ना, मोडता येतं का तुम्हाला? वडिलांचा तुरुंग चुकतोय म्हणून सगळे खूश आहेत, मला कोणी विचारलंच नाही, म्हणाली. मूठ मिटलेलीच होती. मी तोंड धुवायला लावलं तिला."

"म्हणून तू ठराव मांडलास."

"मांडला."

"बरं, मांडलास. मग तुझे शेअर विकायला काय झालं होतं? गावाचे विकवलेस ना?"

"गावाने काय केलंय? त्यांनी लग्न मोडलं नाही." तिने कागद उचलले, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. "आजवर जुळवल्याची दक्षिणा घेत आले मी, अरू. मोडल्याची घेऊ?"

मग ती उठली, पदर खोचला आणि मुलांच्या ट्रंकेचा एक कान धरला.

"चल, त्या बाजूने उचल. तुझी आई जेवायला थांबली असेल."